बिनमालकाची चावडी

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदाच्या पत्रिकेत आमचे नाव घातले, तेव्हा हा युनियनवाला गिरणी संपावर बोलेल, फार तर नव्या कामगार कायद्यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला ‘यूजनेट’. त्यावर मंडळाच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी फोन करून, “हे जाळे मासे पकडण्याचे की काय?” अशी पृच्छा केली. आम्ही म्हटले, “जाळेच आहे, पण त्यात आम्हीच सापडलो होतो.” ते भाषण काही ठिकाणी वाढवून व काही ठिकाणी कापून येथे दिले आहे. शेवटचा प्रसंग त्या दिवशी घंटा झाल्यामुळे अर्धाच सांगता आला. तो येथे पुरा केला आहे.

आमच्या अधिकाराविषयी आधीच सांगितलेले बरे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. ते पुन्हा आत गेले नाहीत. दहावीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेव्हा संगणकशास्त्रात बोलण्याचा आमचा हक्क नाही. परंतु माणसे एकत्र कशी येतात, कशी टिकतात आणि कशी पांगतात, एवढेच आम्ही आयुष्यभर पाहत आलो, आणि या यंत्राकडेही त्याच नजरेने पाहिले.

यूजनेट म्हणजे काय, हे प्रथम सांगू. १९७९ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी होते. त्या वेळी अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे अस्तित्वात होते. परंतु ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाले आणि त्यात शिरकाव मोजक्या संस्थांनाच असे. ज्यांना आत घेत नाहीत त्यांनी बाहेर आपला वेगळा फड मांडावा, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. या दोघांनी तेच केले. शेजारच्या विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन याने पहिला कच्चा प्रोग्रॅम लिहून दिला, आणि १९८० साली हे जाळे चालू झाले.

त्याची रीत अशी. त्या संगणकांना एकमेकांशी कायमची तार जोडलेली नव्हती. रात्री फोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावी आणि विचारी, “तुझ्याकडे नवे काय आले? माझ्याकडे हे आले आहे.” जे नवे असेल ते दोघे अदलाबदल करीत आणि फोन ठेवीत. मग दुसरा तिसऱ्याला फोन लावी. संपाच्या दिवसांत गिरणगावात पत्रके अशीच फिरत. एका चाळीच्या कमिटीने पत्रक काढले की शेजारच्या चाळीचा पोरगा त्याची एक प्रत नेई, तेथे सायक्लोस्टाइलवर पुन्हा छापले जाई, आणि रात्रीतून ते परळपासून काळाचौकीपर्यंत पोहोचे. कोणी मुख्य वाटप करणारा नाही, म्हणून कोणाला पकडून ते थांबविता येत नाही. यूजनेटवर प्रत्येक मजकुराला स्वतःचा एक क्रमांक असे, त्यामुळे तोच मजकूर दोन वाटांनी आला तर संगणक दुसरी प्रत घेत नसे. आणि माथ्यावर तो कोणकोणत्या संगणकांवरून आला त्यांची नावे ओळीने लिहिलेली असत. पाकिटावर जसे टपाल कचेऱ्यांचे शिक्के, तसे. आम्हांस तो माथाच वाचायला फार आवडे. मुंबईच्या खोलीत बसून एखादे पत्र कोणकोणत्या गावांची धूळ घेऊन आले ते दिसे.

मजकूर विषयवार गटांत वाटलेला असे. १९८७ साली सगळ्या गटांची नावे नव्याने लावली गेली. संगणकाचे ते ‘कॉम्प’, विज्ञानाचे ते ‘साय’, करमणुकीचे ‘रेक’, समाजाचे ‘सॉक’, वादविवादाचे ‘टॉक’, अशी थोरली घरे झाली आणि त्यांच्या पोटात लहान खोल्या. भारतीयांचा गट ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन’, आणि मराठी माणसांचा त्याला ‘डॉट मराठी’ अशी शेपटी जोडलेला. पत्त्यात आपण गाव, तालुका, जिल्हा लिहितो ते उलटे वाचले की हा हिशेब लक्षात येतो. नवा गट काढायचा तर आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग मतदान. होकारांची संख्या नकारांपेक्षा निदान १०० ने अधिक हवी आणि एकूण मतांत दोन तृतीयांश होकार हवेत. निकालाबरोबर कोणी कोणते मत दिले त्याची नावानिशी यादी प्रसिद्ध होई. गुप्त मतदानासाठी झगडलेल्या आम्हांस ही यादी प्रथम खटकली. पुढे ध्यानात आले की तेथे मतदाराला कामावरून काढणारे कोणी नव्हते, मग गुप्ततेचे कारण काय?

या जाळ्यावर काय काय घडले याची लांब यादी देत बसत नाही. वर्ल्ड वाइड वेबची जाहीर ओळख टिम बर्नर्स-ली यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये अशाच एका गटावर करून दिली, आणि त्याच महिन्यात लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे दुसऱ्या गटावर कळविले. तीच पुढे लिनक्स. हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस अधिक रस मॉस्कोच्या गोष्टीत.

१ एप्रिल १९८४ रोजी यूजनेटवर एक पत्र झळकले. सोव्हिएत युनियन या जाळ्यात सामील होत आहे, खाली सही चेर्नेंको यांची, संगणकाचे नाव ‘क्रेमव्हॅक्स’. कित्येकांनी ते खरे मानले. प्रत्यक्षात पीट बेर्टेमा या डच गृहस्थाने केलेली ती एप्रिल फुलाची थट्टा होती. पुढे १९९० मध्ये सोव्हिएत तंत्रज्ञ खरोखरीच बाहेरच्या जाळ्याला जोडले गेले, तेव्हा त्यांनी ती थट्टा लक्षात ठेवून आपल्या एका संगणकाचे नाव हौसेने क्रेमव्हॅक्स ठेवले. १९ ऑगस्ट १९९१ रोजी मॉस्कोत रणगाडे आले, वर्तमानपत्रे बंद झाली, दूरचित्रवाणीवर बॅले लागले. परंतु हे जाळे कोणाच्या ध्यानीमनी आले नाही. रस्त्यावर काय चालले आहे, कोण कोठे उभा आहे, याच्या बातम्या त्या तीन दिवसांत त्यावरून देशभर आणि देशाबाहेर जात राहिल्या. पत्रक थांबविता येत नाही ते असे.

आता एक गोष्ट आमच्या तरुण मित्रांना आवडणार नाही. यूजनेटला मालक नव्हता, वर्गणी नव्हती, अध्यक्ष नव्हता, असे जे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते ते खरे. पण टेलिफोनचे बिल कोण भरी? आम्ही युनियनचा जमाखर्च लिहिणारे, आमची नजर आधी तेथे जाते. ते बिल विद्यापीठे भरीत, आणि बेल प्रयोगशाळेसारख्या मोठ्या कंपन्यांच्या संस्था भरीत. पुष्कळदा वरच्यांना पुरते ठाऊक नसताना. ज्यांच्या संगणकांवरून सर्वाधिक वाहतूक जाई त्या मोजक्या व्यवस्थापकांच्या शब्दाला साहजिकच वजन आले. १९८७ च्या नामांतरात काही गट त्यांनी नको म्हटले, तेव्हा ब्रायन रीड, जॉन गिलमोर प्रभृती मंडळींनी ‘आल्ट’ नावाचे वेगळे घर काढले. तेथे मतदान नाही, परवानगी नाही. फूट पडणे ही आपल्या चळवळीचीच खासियत नाही, हे वाचून आमचे थोडे समाधान झाले. तात्पर्य, बिनमालकाची चावडी ही दुसऱ्याच्या ओसरीवर भरत होती. ओसरीवाल्याचे लक्ष गेले नाही तोवर ठीक.

आपल्याकडे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था १९८० नंतरच्या दशकातच जोडल्या गेल्या होत्या; सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पैसेवाल्यांचे खाते वेगळे, विद्यार्थ्यांचे स्वस्त खाते वेगळे. विद्यार्थ्यांच्या खात्यावर चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे. वडिलांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा अभियांत्रिकीला होता. परळच्या चाळीत त्यांची दीड खोली. रविवारी सकाळी आम्ही तेथे जात असू. मोडेम किंचाळे, लाइन लागे, तुटे, पुन्हा लागे. फोन अडकून राहतो म्हणून त्या मुलाचे वडील कुरकुरत. मग आम्ही त्यांना तंबाखूची पुडी देत असू.

मराठी तेव्हा रोमन अक्षरांतच लिहावी लागे. त्यात मला, माळा, मळा आणि माला हे चारही शब्द एकाच रूपात येत; कोणी “मला पाहिजे” म्हणतो की “माळा पाहिजे” हे संदर्भावरून ओळखायचे. अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स ही पद्धत काढली होती. तीत इंग्रजीतील मोठी आणि लहान अक्षरे वेगळी योजून ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा भेद राखता येई. हिंदी चित्रपटगीतांचे शौकीन तीत गाणी उतरवून ठेवीत. परंतु भांडण ऐन रंगात आले की मोठे अक्षर आणि लहान अक्षर कोण पाहतो!

आम्हांस या छंदाची खरी गोडी लागली ती लिव्हरपूलच्या गोदी कामगारांमुळे. २८ सप्टेंबर १९९५ रोजी तेथील सुमारे ५०० कामगारांना कामावरून काढले. अपराध एवढाच की दुसऱ्या एका कंपनीच्या बडतर्फ कामगारांनी धरलेली पिकेट लाइन त्यांनी ओलांडली नाही. ब्रिटनच्या कायद्याने असा सहानुभूतीचा लढा बेकायदा, म्हणून त्यांच्या युनियनला संप अधिकृत म्हणून जाहीर करता येईना. मग त्यांनी जगातल्या बंदरांना हाक घातली, आणि ती हाक लेबरनेट नावाच्या मंडळींनी संगणकाच्या जाळ्यावरून पोहोचविली. २० जानेवारी १९९७ रोजी अनेक देशांतल्या बंदरांत त्यांच्यासाठी काम थांबले, नाहीतर मंदावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नेपच्यून जेड’ हे जहाज कॅलिफोर्नियातील ओकलंड बंदरात आले. त्यावरचा माल वादातल्या गोदीशी संबंधित कंपनीने चढविला होता. ओकलंडला पिकेट उभे राहिले, माल उतरेना. जहाज कॅनडात व्हँकूव्हरला गेले, तेथेही तेच. जपानात योकोहामा, मग कोबे. तेथील गोदीवाल्यांनीही हात लावला नाही. अखेर ते तैवानला नेऊन मालासकट विकल्याचे वृत्त आले.

या बातम्या आम्ही वहीत उतरून घेत होतो आणि मराठी करून गेटच्या फळ्यावर खडूने लिहीत होतो. वर्तमानपत्रांत त्यांचा मागमूसही नसे. एका म्हाताऱ्या विणकराने फळा वाचून विचारले, “तिथंबी बदलीवाले हायत व्हय?” आहेत म्हणून सांगितले, तर म्हणाला, “मंग आपलीच मान्सं.” जानेवारी १९९८ मध्ये लिव्हरपूलकरांनी लढा मागे घेतला, तडजोडीचे पैसे घेतले. ते आम्ही फळ्यावर लिहिले, पण एक दिवस उशिराने. हात वळेना.

गटांचे पुढे काय झाले ते थोडक्यात. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवी मुले येत, गटांवर भलतेसलते लिहीत, जुनी मंडळी त्यांना नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे वाचायला लावीत, महिन्या-दोन महिन्यांत ती वळणावर येत. गिरणीत नव्या बदलीवाल्याला जुना कामगार जसा तयार करी, तसेच हे. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांनी आपल्या लक्षावधी गिऱ्हाइकांना एकदम दार उघडून दिले. एका खात्यात एका दिवशी दोन हजार नवे कामगार घातले तर कोण कोणाला शिकविणार? तो सप्टेंबर मग संपलाच नाही, असे जुने लोक म्हणू लागले. हा नव्यांचा दोष आम्ही मानीत नाही. आम्हीही नवेच होतो, आणि दारे उघडायलाच हवी होती. परंतु कंपन्यांनी गिऱ्हाईक आत सोडले आणि शिकविण्याचे काम फुकट करणाऱ्यांच्या गळ्यात टाकले. १२ एप्रिल १९९४ रोजी कँटर आणि सीगल या ॲरिझोनातील वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात साडेपाच हजारांच्या आसपास गटांवर एका दमात चिकटविली. लोकांनी निषेधाची इतकी पत्रे पाठविली की त्यांना जोडणी देणाऱ्या कंपनीचा संगणक कोसळला. तरी वाट दिसली ती दिसलीच. पुढे जाहिरातींचा राडा इतका माजला की बोलणारी माणसे उठून गेली. २० मे २०१० रोजी ड्यूक विद्यापीठाने, जेथे हे सुरू झाले तेथेच, आपला यूजनेटचा सर्व्हर बंद केला. काही सर्व्हरांवर गट अजून जागे आहेत, पण चावडी उठली.

आज आम्ही घरपोच खाद्यपदार्थ नेणाऱ्या मुलांची संघटना बांधतो. त्यांचा फोनवरचा मोठा गट कंपनीच्या माणसाने काढलेला. फेरीचा दर का उतरला असे एकाने विचारले, तर संध्याकाळी तो गटातून बाहेर. मुलांनी आपला निराळा गट काढला आहे. तो कोणाच्या यंत्रावर चालतो हे आम्ही त्यांना विचारतो, तेव्हा ती आमच्याकडे म्हाताऱ्याकडे पाहावे तशी पाहतात.

आता तो राहिलेला प्रसंग. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंत यांची हत्या झाली. नंतरचे काही आठवडे मराठी गटावर १९८२ च्या संपाचीच चर्चा होती. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या पत्त्यावरून एक मराठी माणूस लिहीत असे. त्याने लिहिले की संप सहा महिन्यांत मिटवायला हवा होता. तो हाताबाहेर गेला आहे हे पुढाऱ्यांना कळत होते आणि ते कामगारांना कोणी सांगितले नाही. आमचे डोके फिरले. आम्ही त्याला मालकांचा दलाल म्हटले, अमेरिकेत बसून शहाणपण विकणारा म्हटले, आणि शेवटी लिहिले की ज्याच्या घरात कधी भोंगा ऐकून चूल पेटली नाही त्याने या विषयात तोंड उघडू नये. तो मुलगा म्हणाला, “दादा, पाठवू का? मागं घेता येनार नाही.” आम्ही म्हटले, “दाब.”

त्यानंतर एका कारखान्यात टाळेबंदी झाली आणि चार रविवार आम्हांस परळला जाणे जमले नाही. यूजनेटची एक रीत सांगायची राहिली. संगणकावर जागा कमी, म्हणून आलेला मजकूर थोडे दिवस ठेवून पुसून टाकीत. कोठे आठवडा, कोठे पंधरवडा. आम्ही परतलो तेव्हा ती सगळी चर्चा पुसली गेली होती आणि गटावर दुसरेच काही चालले होते. त्याचे उत्तर दिसले नाही. तो गप्प बसला असे आम्ही धरले. गेट-मीटिंगला हा किस्सा आम्ही कित्येकदा सांगितला असेल. टाळ्या पडत.

पुसलेले सगळेच पुसलेले नव्हते. टोरंटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर नावाच्या गृहस्थांनी १९८१ पासूनचा मजकूर १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवला होता. १९९५ पासून डेजान्यूज नावाची कंपनी नवा मजकूर साठवीत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने तो साठा विकत घेतला आणि त्याच वर्षाअखेर वीस वर्षांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. तो परळचा मुलगा एव्हाना नोकरीला लागला होता. त्याने एक दिवस कचेरीत दोन कागद आणून दिले आणि काही न बोलता बसून राहिला.

आमच्या पत्राखाली, दोनच दिवसांनी, त्या माणसाचे उत्तर होते. शिवी नव्हती. त्याचे वडील साचाखात्यात होते. संपात त्यांनी काळाचौकीला पदपथावर भाजी विकली. संप उद्या मिटेल, परवा मिटेल म्हणून गावी गेले नाहीत, दुसरे काम धरले नाही. १९८४ मध्ये वारले. त्याने लिहिले होते, खरे काय ते त्यांना वेळीच कोणी सांगितले असते तर ते निदान वाट पाहत मेले नसते. शेवटी एक प्रश्न : तुमचे वडील कोणत्या गिरणीत होते? कदाचित ओळख निघेल. त्याखाली आणखी दोघातिघांनी विचारले होते, उत्तर का येत नाही?

संप सहा महिन्यांत मिटवायला हवा होता हे आम्हांस आजही पटत नाही. त्याची कारणे आम्ही कोठेही उभे राहून सांगू. परंतु त्याने ते विचारलेच नव्हते. आम्ही त्याच्या पत्त्यावर लिहिले. असा पत्ता नाही म्हणून पत्र परत आले. जुन्या गटावर त्याच विषयाने नवे पत्र टाकले. वर एक औषधाची जाहिरात, खाली एक कर्जाची, मध्ये ते. कोणी काही लिहिले नाही. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटचा नवा मजकूर घेणे थांबविले आहे. जुना मात्र तेथे वाचायला मिळतो, त्यात आमचे पत्र आहे आणि त्याचा प्रश्न आहे.

या सभेला परदेशात मुले असलेली पुष्कळ मंडळी येतात आणि हे पुस्तक लांबवर जाते, म्हणून येथे लिहितो. गिरणीचे नाव आम्ही त्याच्यासाठी राखून ठेवले आहे. एवढे सांगतो की ती लोअर परळला होती, आमचे वडीलही साचाखात्यातच होते, आणि त्यांची पाळी रात्रीची असे.